सॉलिसिटर ऑफिसची लायब्ररी: कोणते निकाल बदलले, कोणती पुस्तकं घ्यायची आणि कोणती ठेवायची?

फोर्ट_आर्टिकल्ड

तीन पार्टनरांच्या ऑफिसची लायब्ररी नव्याने लावायची आहे. कामं मुख्यतः लवाद (आर्बिट्रेशन), चेकचे खटले आणि दिवाणी दावे. बजेट आठ-दहा पुस्तकांपुरतंच.

१) जुन्या नोट्समध्ये एन. एन. ग्लोबल (२०२३) आणि एशियन रीसर्फेसिंग (२०१८) हे दोन निकाल हमखास असतात. ते अजून चालतात का?
२) नव्या तीन फौजदारी कायद्यांवर (भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, भारतीय साक्ष्य अधिनियम) कॉमेंटरी, म्हणजे कलमवार भाष्याचं पुस्तक घ्यावं, की बेअर ॲक्टवर, म्हणजे नुसत्या कायद्याच्या मजकुरावर भागेल?
३) जुन्या एव्हिडन्स ॲक्टची पुस्तकं रद्दीत दिली तर चालेल का?

ओरिजिनल_साइड

दोन्ही निकाल नोट्समधून काढून टाका.

एन. एन. ग्लोबल २५ एप्रिल २०२३ चा, पाच न्यायमूर्तींचा, ३ विरुद्ध २. स्टॅम्प न भरलेल्या करारातलं लवादाचं कलम अंमलात आणता येत नाही, असं त्यात होतं. १३ डिसेंबर २०२३ ला सात न्यायमूर्तींनी ते उलटवलं (२०२३ आयएनएससी १०६६, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल क्रमांक). स्टॅम्प नसलेला दस्त पुराव्यात घेता येत नाही, पण म्हणून तो रद्दबातल ठरत नाही. शुल्क आणि दंड भरला की दोष जातो. लवाद कायद्याच्या कलम ११ च्या अर्जावर (लवाद नेमण्यासाठीचा अर्ज) कोर्ट लवादाचा करार सकृतदर्शनी आहे का एवढंच बघतं, स्टॅम्पचा वाद लवादापुढे जातो.

यावरून क्लायंटला ‘स्टॅम्पचं नंतर बघू’ असं सांगणारे बरेच आहेत. तसं सांगू नका. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाचं कलम ३३ पक्षकारांच्या संमतीने पुरावा घेणाऱ्यालाही लागू आहे, म्हणजे लवादालाही. दस्त तिथे अडकतो आणि कमी पडलेल्या शुल्कावर दरमहा २ टक्के दंड चढलेला असतो.

एशियन रीसर्फेसिंगचा ‘सहा महिन्यांत स्टे (स्थगिती) आपोआप उठतो’ हा नियम २९ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायमूर्तींनी मोडीत काढला (२०२४ आयएनएससी १५०). स्टे उठवायचा तर आता तसा आदेश हवा. मात्र जुन्या नियमामुळे स्टे उठला आणि खटला पूर्णही झाला, अशी प्रकरणं या निकालाने उघडत नाहीत. ही ओळ नोटमध्ये ठेवा, लोक तीच विसरतात.

लवादाचं काम आहे म्हणून तिसरा निकाल: गायत्री बालसामी, ३० एप्रिल २०२५, ४ विरुद्ध १. लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली (निवाड्याला कोर्टात आव्हान) निवाड्यात मर्यादित फेरबदल करता येतो: वेगळा काढता येणारा भाग काढणं, हिशेबाची वा टंकनाची चूक, निवाड्यानंतरचं व्याज. त्यामुळे पिटिशनच्या प्रेयर क्लॉजमध्ये (मागण्यांच्या परिच्छेदात) ‘संपूर्ण निवाडा रद्द करावा’ एवढ्यावर थांबू नका, पर्यायी मागणी घाला. मुदत मात्र तीच, तीन महिने अधिक तीस दिवस. त्यापुढे एक दिवसही माफ होत नाही.

कपाट_क्रमांक_७

पुस्तकांबद्दल. मुखपृष्ठावरच्या सालावर जाऊ नका. प्रस्तावनेत ‘कायदा अमुक तारखेपर्यंतचा’ असं लिहिलेलं असतं, ती तारीख बघा. २०२४ सालची आवृत्ती २०२३ च्या दिवाळीआधी छापायला गेली असेल, तर लवादाच्या पुस्तकात एन. एन. ग्लोबल अजून जिवंत असतो. दुकानात उभ्या उभ्या करायची चाचणी: मागची निकालसूची उघडा, वर सांगितलेले तीन नवे निकाल (१३ डिसेंबर २०२३, २९ फेब्रुवारी २०२४ आणि ३० एप्रिल २०२५ चे) शोधा. तिन्हींपैकी एकही नसेल तर पुस्तक परत फळीवर.

नवे फौजदारी कायदे लागू झाले त्या १ जुलै २०२४ नंतर घाईने आलेल्या बऱ्याच कॉमेंटऱ्या म्हणजे जुनाच मजकूर, वर नवे कलम क्रमांक. ओळखायचं कसं? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २२३ काढा. खासगी फिर्यादीत दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावी, ही तरतूद तिथे नवी आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २०० मध्ये ती नव्हती. त्यावर दोन पानं धड चर्चा नसेल तर बेअर ॲक्ट आणि तुलनात्मक तक्ता यावर भागवा. तीन कायद्यांचे बेअर ॲक्ट प्रत्येक टेबलावर हवेतच, कॉमेंटरी एकच पुरे. दिवाणी बाजूला मुल्ला (दिवाणी प्रक्रिया संहितेवरची कॉमेंटरी) हवाच, तिथे काटकसर नको.

चेक_बाउन्स

कलम २२३ निघालंच म्हणून: १३८ च्या (न वटलेल्या चेकच्या) फिर्यादीत दखल घेण्याआधीच्या त्या टप्प्यावर आरोपीला समन्स काढायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२५ ला सांगितलं. प्रकरण गोव्यातलं. तडजोड करताना आरोपीने भरायच्या खर्चाचे टक्केही (चेकच्या रकमेवर) त्यातच बदलले. आरोपीचा पुरावा नोंदवण्याआधी पैसे भरले तर काहीच नाही. त्यानंतर पण निकालाआधी ५ टक्के. सत्र वा उच्च न्यायालयात ७.५, सर्वोच्च न्यायालयात १०. पुस्तकात अजून १०, १५, २० दिसत असेल तर तो २०१० चा तक्ता आहे.

फोर्ट_आर्टिकल्ड

खूप उपयोग झाला. एव्हिडन्स ॲक्टचं काय?

ओरिजिनल_साइड

रद्दी नको! भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १७० वाचा. १ जुलै २०२४ ला प्रलंबित असलेलं प्रकरण जुन्या कायद्यानेच चालतं. २०२२ च्या दाव्यात व्हॉट्सॲपचे मेसेज लावायचे तर प्रमाणपत्र जुन्या एव्हिडन्स ॲक्टच्या कलम ६५बी(४) चं, आणि निकाल अर्जुन खोतकर (१४ जुलै २०२०). २०२५ च्या दाव्यात साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३(४), अनुसूचीतल्या नमुन्यात: भाग अ पक्षकाराचा, भाग ब तज्ज्ञाचा, दोन्हींत हॅश व्हॅल्यू (फाइलच्या मजकुरावरून निघणारी तिची ओळखखूण) आणि ती काढणाऱ्या अल्गोरिदमचं नाव. भाग ब कोरा ठेवून दाखल केलेली प्रमाणपत्रं हटकून हरकतीत अडकतात.

हॅश मूळ फाइलवर, ती हातात आल्या आल्या काढा. फोटो व्हॉट्सॲपवरून पुढे पाठवला की तो आकसतो आणि हॅश बदलते. मग भाग अ आणि भाग ब जुळत नाहीत. भारतीय दंड संहितेची पुस्तकंही ठेवा, १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांना तीच लागणार.

कपाट_क्रमांक_७

एक राहिलं. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांसाठी ई-एससीआर (न्यायालयाचाच ऑनलाइन निकालसंग्रह) मोफत आहे, त्यावर सदस्यत्वाचे पैसे घालवू नका. नोटमध्ये न्यूट्रल सायटेशन (न्यायालयाने स्वतः दिलेला निकाल क्रमांक) लिहा. मुंबई उच्च न्यायालयात ओरिजिनल साइडसाठी (थेट तिथेच दाखल होणारी प्रकरणं) ‘बीएचसी-ओएस’, अपेलेट साइडसाठी (अपिलं वगैरे) ‘बीएचसी-एएस’. मराठी अनुवाद क्लायंटला समजवायला छान, पण कोर्टात इंग्रजीच प्रमाण. आणि हेडनोटमधलं (निकालाच्या वर छापलेल्या सारांशातलं) वाक्य निकालातलं म्हणून उतरवू नका, परिच्छेद उघडून बघा.