वेशीचं कोरीव चित्र : नोंद की नुसती कला?

गिरगावकर
आमच्या वाचनालयात ‘जुन्या शहरांच्या वेशी’ असं छोटं चित्रप्रदर्शन भरतंय. त्यात रोमच्या पोर्ता माज्जोरे या वेशीचं, पिरानेसी या इटालियन छापचित्रकाराचं चित्र आहे, म्हणजे त्याच्या छापाची प्रत. खालच्या पाटीवर ‘वेशीची अस्सल नोंद’ लिहायचं घाटतंय आणि माझा त्याला ठाम विरोध आहे. पिरानेसी (१७२०–१७७८) माणसं मुंगीएवढी काढतो, कमान अंगावर येईल अशी उभी करतो. रोम बघायला आलेले धनिक प्रवासी हे छाप घरी नेत. त्यांना भव्य पडझड हवी होती, याने ती भरभरून दिली. मला ते चित्र फार आवडतं, पण त्याला पंचनामा कसं म्हणायचं? शाळेतली मुलं येणार आहेत, ती पाटीवरचं खरं धरतील.

ठसेकार
मी स्वतः प्रिंटमेकिंग करतो, म्हणून एक सांगतो. तांब्याच्या प्लेटवर मेणाचा थर, त्यावर सुईने रेघ, मग ॲसिड ती रेघ तांब्यात कोरतं. छापताना उजवं-डावं पालटतं, म्हणून प्लेटवर सगळं उलटं काढावं लागतं. या वेशीच्या माथ्यावर क्लॉडियस, व्हेस्पेशियन आणि टायटस या तीन बादशहांचे लेख आहेत. असली अक्षरं उलटी कोरणारा हात नुसता नाट्य रंगवत नसतो, आधी जागेवर उभं राहून नीट बघावं लागतं.

दादरचा वास्तुविशारद
गिरगावकरांशी सहमत. या चित्रावरून कमानीची उंची काढायला गेलात तर फसाल. नोंदच हवी तर नोल्लीचा १७४८ चा रोमचा नकाशा लावा. तो मोजून केलेला आहे.

कोटातली
नोल्लीचा नकाशाही कोरलेल्या प्लेटांवरूनच छापलाय ना? म्हणजे भांडण कोरण्याशी नाही, कशाबद्दल कोणावर विश्वास ठेवायचा याचं आहे.

गिरगावकर दादा, या वेशीची गोष्टच बघा. ती वेस म्हणून बांधलीच नव्हती. इ.स. ५२ मध्ये क्लॉडियसने दोन पाणीपुरवठ्याचे पाट रस्त्यांवरून न्यायला या कमानी पुऱ्या केल्या. २७१ मध्ये बादशहा ऑरेलियनने शहराभोवती तट बांधायला घेतला, त्यात या कमानी ओवल्या गेल्या आणि तेव्हा वेस झाली. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला बादशहा होनोरियसने पुढे बुरूज वाढवले. मग १८३८ मध्ये पोप सोळाव्या ग्रेगरीने ती भर काढून टाकली, तेव्हा बुरुजाच्या पोटातून युरिसासेस नावाच्या बेकरीवाल्याची कबर निघाली. त्यावर पाव बनवण्याची शिल्पं आहेत. आज तिथे जाणाऱ्याला ती कबर दिसते, पिरानेसीला दिसणं शक्यच नव्हतं. आणि त्याने पाहिलेलं चौदाशे वर्षं जुनं बांधकाम आज आपल्याला जागेवर दिसत नाही.

आता तारीख बघा. दागेरची फोटोची रीत जाहीर झाली १८३९ मध्ये. एका वर्षाने हुकलं! त्या रूपातल्या वेशीचा फोटो असूच शकत नाही. आहे ते हाताने काढलेलंच. त्यालाही नोंद म्हणायचं नाही, तर मग उरलं काय?

मी रोज चर्चगेटला उतरते. ज्या दरवाजावरून स्टेशनाला नाव पडलं तो कुठे होता, हे डब्यातल्या बायकांना विचारलं तर क्वचितच कोणी सांगेल. आपला कोट, म्हणजे मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी, १८६०च्या दशकात पाडला. पण मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच निघाली होती आणि माडगावकरांनी १८६३ मध्ये ‘मुंबईचें वर्णन’ छापून ठेवलं. आपण नशीबवान.

गिरगावकर
१८३८-३९ चा मुद्दा मला सुचला नव्हता, मानलं. तरी शंका राहतेच. भिंतीतून फुटलेली झुडपं, ढासळलेल्या कडा हे त्याच्या चित्रांत जिकडेतिकडे आहे. तेही त्या दिवशी तिथे होतं, हे कशावरून?

ठसेकार
कशावरूनच नाही. झुडपं सोडून द्या. पण शेजारी वासी या दुसऱ्या छापचित्रकाराचा छाप ठेवा. पिरानेसी काही काळ याच वासीच्या हाताखाली शिकला. वासीने १७४७ मध्ये रोमवरच्या मालिकेचा पहिला खंड काढला तो वेशी आणि तटावरच, आणि त्याचा हात पुष्कळ शांत आहे. दोघांतही जे बांधकाम दिसेल ते धरायचं. जिथे एकटा पिरानेसी उंच जातो तिथे त्याचा हात बघायचा, आणि तो हात बघण्यासारखाच आहे.

दादरचा वास्तुविशारद
ही पद्धत पटते. उंचीबद्दल मात्र मी मागे हटणार नाही.

गिरगावकर
‘अस्सल’ खोडतोय, ‘नोंद’ ठेवतोय. पाटी अशी : ‘१८३८ मध्ये होनोरियसचं बांधकाम काढण्यापूर्वीच्या पोर्ता माज्जोरेची नोंद. आकार चित्रकाराच्या नजरेचे, मोजलेले नाहीत.’ शेजारी वासी.

कोटातली
चालेल. आणि चित्र जरा खाली टांगा दादा, सहावीतल्या मुलाला माथ्यावरची अक्षरं दिसली पाहिजेत. एक भिंग दोरीने बांधून ठेवा.