पाककृतींना स्कीमा मार्कअप लावण्यात वेळ का घालवायचा?

चुलीवरची: माझ्या साइटवर १४० पाककृती आहेत. भाचा म्हणतो, प्रत्येकीला स्कीमा मार्कअप लाव, म्हणजे पानावरचं काय काय आहे ते शोधयंत्राला सांगणारा पानामागचा कोड; मग गूगलवर फोटो, वेळ, चांदण्या दिसतील. मला पटत नाही. ऑगस्ट २०२३मध्ये गूगलनं प्रश्नोत्तरांचा मार्कअप दाखवणं सरकारी आणि आरोग्याच्या नामांकित साइटींपुरतं ठेवलं, मग 'हाऊ टू', म्हणजे एखादं काम कसं करायचं त्याच्या पायऱ्या, दाखवणं बंदच केलं. उद्या पाककृतींचंही तेच होईल. तेवढ्या वेळात मी दहा नव्या पाककृती लिहीन.

भाजणी_४२: ताई, साफ असहमत. पाककृतीचा प्रकार अजून चालू आहे. आणि स्कीमा एकट्या गूगलचा नाही; २०११मध्ये गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून सुरू केला. तुमच्या थालीपिठाच्या लेखात आधी आजीची आठवण, मग भाजणीची, मग कृती. वाचणाऱ्याला ते गोड लागतं, पण त्यातली वीस मिनिटं पीठ मुरण्याची की थालीपीठ भाजण्याची, हे यंत्राला कसं कळणार? पूर्वतयारी आणि शिजवणं यांच्या वेळा वेगळ्या द्यायची सोय स्कीमात आहे. वीस मिनिटं 'PT20M' अशी लिहायची, बस. माहिती भरायच्या रकान्यांची नावं इंग्रजी, पण आतलं साहित्य खुशाल मराठीत लिहा. जेसन-एलडीचा (हा मार्कअप लिहायची एक पद्धत) साचा एकदा बसला की पाककृतीमागे पाच मिनिटं.

चुलीवरची: पाच मिनिटं गुणिले १४० करून बघा! शिवाय त्यानं शोधनिकालात पानाचा क्रमांक वर जात नाही, हे गूगलच सांगतं.

भाजणी_४२: नाहीच जात. पण दहा निकालांत फोटो आणि वेळ दिसणाऱ्या ओळीवर माझं तरी बोट आधी जातं.

साधा_वाचक: चांदण्यांबद्दल सांगतो. माझ्या साइटवरच्या एका प्लगिननं (साइटला जोडायच्या तयार सॉफ्टवेअरनं), कोणीही मत दिलेलं नसताना, सगळीकडे ४.८ भरून ठेवले होते. महिनाभर माझ्या लक्षातच आलं नाही. पानावर वाचकाला जे दिसत नाही ते मार्कअपमध्ये घालणं नियमाविरुद्ध आहे. पकडलं गेलं तर फोटो-चांदण्यांसकट सगळी सजावट जाते. मी ते प्लगिन काढलं. लावायचाच तर हातानं लावा, आणि गूगलच्या 'रिच रिझल्ट्स टेस्ट' या मार्कअप तपासायच्या साधनात तपासा.

चुलीवरची: खोट्या चांदण्या मला कधीच चालणार नाहीत. फराळाच्या अकरा पाककृतींना लावते, दिवाळीआधी त्याच जास्त शोधल्या जातात. बाकीच्या १२९ आहेत तशाच राहतील.