शब्दचर्चा : ‘ग्रोथ फॅक्टर’ला वाढघटक म्हणायचं, तर पेशी ‘तगते’ कुठे आणि ‘वाढते’ कुठे?

शब्दवेध
चेतापेशी (न्यूरॉन) आणि मूलपेशी (स्टेम सेल, ज्यांपासून इतर पेशी बनतात) यांच्यावरचा एक लांबलचक लेख मराठीत आणायचा आहे. ‘ग्रोथ फॅक्टर’साठी, म्हणजे पेशींना संकेत देणाऱ्या प्रथिनांसाठी, वाढघटक, वृद्धिघटक, वर्धक असे शब्द वाचनात आलेत. अडचण अशी, की लेखात एके ठिकाणी हा घटक काढून घेतला की चेतापेशी मरतात. दुसऱ्या ठिकाणी तो काढला तर मूलपेशी मरतातच असं नाही, पण मूलपेशी म्हणून उरत नाहीत. वाढ दोन्हीकडे दिसत नाही. पुढची वाक्यं कशी सुधारावीत?

१. एनजीएफ (नर्व्ह ग्रोथ फॅक्टर) हे प्रथिन चेतापेशींचे पोषण करते.
२. वाढघटकांमुळे मूलपेशींची वाढ होते.
३. घटक काढून घेतल्यावर पेशी उपासमारीने मरतात.

‘सेल्फ-रिन्यूअल’ला स्वनूतनीकरण चालेल का, तेही सांगा.

काचपात्र
नाव म्हणून ‘वाढघटक’ ठेवायला हरकत नाही. क्रियापद मात्र दरवेळी पेशी पाहून निवडा. तुमची तिन्ही वाक्यं क्रियापदातच चुकली आहेत.

नावात ‘वाढ’ आली ती जे आधी नजरेला पडलं त्यावरून. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी उंदराच्या कर्करोगाच्या गाठीचा तुकडा कोंबडीच्या भ्रूणातल्या चेतापेशींच्या पुंजक्याजवळ, टांगत्या थेंबात ठेवला. दिवसभरात पुंजक्याभोवती तंतूंचं दाट वलय उगवलं. डोळ्यांना दिसली ती तंतूंची वाढ, म्हणून ‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’. पुढे स्टॅन्ली कोहेन यांनी त्या अर्कातली न्यूक्लिइक आम्लं तोडायला सापाचं विष वापरलं, तर खुद्द विषातच तो घटक गाठीपेक्षा कितीतरी जास्त निघाला. विष म्हणजे लाळग्रंथीचाच स्राव, तेव्हा उंदराच्या लाळग्रंथीत शोधलं आणि तिथे साठाच सापडला. या कामासाठी दोघांना १९८६ चं नोबेल मिळालं.

तंतूवाढीपलीकडचं मोठं काम वेगळ्या प्रयोगात उघड झालं. नवजात उंदरांना एनजीएफविरुद्धचं प्रतिद्रव्य टोचलं, तर त्यांच्या अनुकंपी (सिम्पथेटिक) चेतासंस्थेतले पुंजके जवळजवळ नाहीसे झाले. म्हणजे हा घटक त्या पेशींना जगवत होता. इथे ‘तगणे’ आणि ‘तगवणे’ ही क्रियापदं अगदी चपखल बसतात : एनजीएफमुळे पेशी तगते, एनजीएफ पेशीला तगवतो. ‘वाढते’ लिहायचं असेल तर तंतूंबद्दलच लिहा. पक्व चेतापेशी विभागत नाही, त्यामुळे ‘चेतापेशींची संख्या वाढते’ हे तर सरळ चूक. कमी मेल्या म्हणून जास्त उरल्या, एवढंच.

पेशीजाल
वाक्य ३ बद्दल थोडं सविस्तर. नवजात उंदराच्या मानेतल्या अनुकंपी पुंजक्यातल्या पेशी बशीत वाढवताना माध्यमात ग्लुकोज असतं, अमिनो आम्लं असतात, जीवनसत्त्वं असतात. त्यात मिलिलिटरला ५० ते १०० नॅनोग्रॅम एनजीएफ घालतात. आता बाकी सगळं तसंच ठेवून फक्त एनजीएफ काढून घ्या. अन्न समोर आहे, तरी बहुतेक पेशी एक-दोन दिवसांत मरतात. उपासमार कुठेच नाही.

घडतं ते असं. एनजीएफ तंतूच्या टोकाशी ट्रक-ए या ग्राहीला (संकेत टिपणाऱ्या प्रथिनाला) चिकटतो. ग्राही आणि घटक एका पुटकुळीत बसून तंतूतून मागे, पेशीच्या मुख्य भागाकडे येतात आणि वाटेत संकेत चालूच असतो. त्या संकेताने एकेटी हे विकर (एन्झाइम) जागं राहतं आणि बॅडसारख्या मारक प्रथिनांना बांधून ठेवतं. घटक गेला की जेएनके आणि सी-जून ही संकेतवाहक प्रथिनं वर येतात, बिम हे मारक प्रथिन तयार होतं, बॅक्स हे दुसरं मारक प्रथिन मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणाला भोकं पाडतं, तिथलं सायटोक्रोम-सी बाहेर पडतं आणि कॅस्पेज ही विकरं पेशी आतून कापू लागतात. गंमत म्हणजे घटक काढल्या काढल्या प्रथिननिर्मिती थांबवणारं औषध दिलं तर पेशी वाचते! मरायलाही तिला नवी प्रथिनं बनवावी लागतात. म्हणून ‘नियोजित पेशीमृत्यू’ हा शब्द योग्य, ‘उपासमार’ नाही.

सुधारलेलं वाक्य : घटकाचा संकेत तुटल्यावर पेशीतली मृत्यूची यंत्रणा चालू होते.

शब्दवेध
मग ‘न्यूरोट्रॉफिक’ला ‘चेतापोषक’ नकोच?

पेशीजाल
मूळ ग्रीक शब्द पोषणाचाच आहे, त्यामुळे भाषांतर चूक नाही, समज चुकतो. सामान्य वाचक ‘चेतापोषक’ वाचून ब जीवनसत्त्वाच्या गोळ्यांकडे जाईल. मी ‘न्यूरोट्रॉफिन’ देवनागरीत तसंच ठेवतो आणि पहिल्या उल्लेखात ‘चेतापेशींना तगवणारी प्रथिनं’ असा खुलासा करतो.

आणि ‘न्यूरोट्रॉफिन’ व ‘न्यूरोट्रॉफिक घटक’ एक समजू नका. सस्तन प्राण्यांत न्यूरोट्रॉफिन म्हणजे एकाच कुळातली चार प्रथिनं : एनजीएफ, १९८२ मध्ये डुकराच्या मेंदूतून वेगळं काढलेलं बीडीएनएफ, एनटी-३ आणि एनटी-४. त्यांचे ग्राहीही ठरलेले. एनजीएफला ट्रक-ए, बीडीएनएफ आणि एनटी-४ ला ट्रक-बी, एनटी-३ ला मुख्यतः ट्रक-सी. जीडीएनएफ आणि सीएनटीएफ हे घटकही चेतापेशींना तगवतात खरे, पण कुळ वेगळं. ‘जीडीएनएफ हे न्यूरोट्रॉफिन’ असं सर्रास लिहिलेलं दिसतं, ते खोडा.

ट्रक-ए चं जनुक माणसात बिघडलं तर वेदना जाणवत नाहीत आणि घाम येत नाही. कारण वेदना नेणाऱ्या आणि घामग्रंथींपर्यंत जाणाऱ्या पेशी वाढीच्या काळात तगतच नाहीत.

सूक्ष्मदर्शी
एक पुरवणी. ‘एनजीएफ पेशीला तगवतो’ हे नेहमी खरं नाही. त्याचं अपक्व रूप, प्रो-एनजीएफ, पी-७५ आणि सॉर्टिलिन या ग्राहींच्या जोडीला चिकटलं तर पेशी मरू शकते. लेखात कुठलं रूप आहे ते पाहून घ्या.

काचपात्र
आता वाक्य २. ‘मूलपेशींची वाढ’ यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या जातात : मूलपेशी तगणं, मूलपेशींची संख्या वाढणं आणि विभागल्यावरही मूलपेशीच राहणं. तिसरी गोष्ट म्हणजे स्वनूतनीकरण. शब्द जड आहे, पण नेमका आहे. ‘पुनरुज्जीवन’ किंवा ‘पुनर्निर्मिती’ वापरू नका. पहिल्याने मेलेलं जिवंत झाल्यासारखं वाटतं, दुसरा शब्द अवयव पुन्हा उगवण्यासाठी लागतो. साध्या मजकुरात ‘आपलं मूलपण राखून विभागणं’ असं मोकळं लिहिलं तरी चालेल.

उदाहरण घ्या. उंदराच्या भ्रूणीय मूलपेशींच्या माध्यमात लिफ (ल्यूकेमिया इन्हिबिटरी फॅक्टर) हे प्रथिन मिलिलिटरला १००० एकक घालतात. ते स्टॅट-३ या पेशीतल्या संकेतवाहक प्रथिनामार्फत काम करतं. लिफ काढलं की पेशी विभागत राहतात, बशी भरतेही, पण काही दिवसांत घट्ट, उंचवट्यासारख्या, चकचकीत कडांच्या वसाहती पसरट होतात आणि कडेच्या पेशी वेगवेगळे आकार धरतात. संख्या वाढली आणि नूतनीकरण संपलं. ‘वाढ’ म्हटलं तर हा सगळा फरक पुसला जातो.

माणसाच्या भ्रूणीय मूलपेशींना लिफ पुरत नाही, त्यांना एफजीएफ-२ आणि सोबत ॲक्टिव्हिन किंवा टीजीएफ-बीटा हे वाढघटक लागतात. आणि उंदराच्या मूलपेशीत एफजीएफचा संकेतच तिला विभेदनाकडे (ठरावीक प्रकारची पेशी बनण्याकडे) ढकलतो, म्हणून तिथे तो औषधाने अडवतात. ‘एफजीएफ मूलपेशींचे स्वनूतनीकरण करते’ असं मोघम वाक्य त्यामुळे निम्मं खोटं ठरतं. कोणाच्या मूलपेशी, कोणत्या अवस्थेतल्या, हे त्याच वाक्यात आलं पाहिजे.

जिज्ञासू
मग मेंदूतल्या मूलपेशी? त्या बशीत वाढवताना पेशींचे जे गोळे होतात, त्या ‘न्यूरोस्फिअर’ला ‘चेतामूलपेशींचा गोळा’ म्हणावं का?

सूक्ष्मदर्शी
नको. ‘चेतागोल’ म्हणा किंवा न्यूरोस्फिअरच ठेवा. त्या गोळ्यात खऱ्या मूलपेशी थोड्याच, बाकी अर्धवट पुढे गेलेल्या पूर्वज पेशी. ईजीएफ या वाढघटकाला प्रतिसाद देणाऱ्या जलद विभागणाऱ्या पूर्वज पेशीसुद्धा गोळा करू शकतात. म्हणून ‘इतके गोळे म्हणजे इतक्या मूलपेशी’ हा हिशेब चुकतो. गोळा सुटा करून पुन्हा पुन्हा गोळे होतात का, आणि घटक काढल्यावर चेतापेशी आणि त्यांना आधार देणाऱ्या ॲस्ट्रोसाइट व ऑलिगोडेंड्रोसाइट अशा तिन्ही निघतात का, हे पाहिल्यावरच ‘मूलपेशी’ लिहावं.

गोळे वाढवण्याची नेहमीची कृती : ईजीएफ आणि एफजीएफ-२ प्रत्येकी मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम, एफजीएफ-२ टिकावं म्हणून थोडं हेपरिन, सीरम (रक्तातला पातळ द्रव) अजिबात नाही. सीरम पडलं की पेशी बशीला चिकटून विभेदित होऊ लागतात. गोळे सुमारे १५० ते २०० मायक्रोमीटरच्या आत असतानाच सुटे करायचे. त्यापुढे मध्य काळा पडतो, कारण ऑक्सिजन आणि अन्नद्रव्यं आत पोचत नाहीत. इथे तुम्हाला ‘पेशी उपासमारीने मरतात’ हे वाक्य हवं तर खुशाल वापरा, इथे ते खरं आहे.

पेशीजाल
लेखात कृतीचा भाग असेल तर शब्दांची आणखी एक गल्लत टाळा : ‘संहती’ आणि ‘मात्रा’. मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम ही संहती. मात्रा म्हणजे एकूण किती दिलं ते.

हिशेब असा. वाढघटकाच्या कुपीत १० मायक्रोग्रॅम कोरडी भुकटी असते, बहुधा दिसतही नाही. उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवा, नाहीतर झाकणाला चिकटलेलं वाया जातं. १०० मायक्रोलिटर द्रावकात विरघळवलं की मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम. यातले १० मायक्रोलिटर ५० मिलिलिटर माध्यमात घातले की मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम. द्रावकात ०.१ टक्का अल्ब्युमिन ठेवतात, कारण इतक्या विरळ द्रावणातलं प्रथिन प्लास्टिकला चिकटून बसतं. द्रावक सगळ्यांना एकच नाही, टीजीएफ-बीटाला सौम्य आम्ल लागतं. कुपीबरोबरचा कागद वाचा. छोटे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा. गोठवणं-वितळवणं पुन्हा पुन्हा करू नका, आणि जोरात हलवून फेस आणू नका.

‘घटक संपला’ आणि ‘घटक निकामी झाला’ हेही वेगळं. साधं एफजीएफ-२ ३७ अंशांवर २४ तासांत बरंचसं निकामी होतं. पेशींनी ते खाल्लेलं नसतं, त्याची घडी मोडलेली असते. रोज माध्यम बदलण्यामागे हे मोठं कारण आहे. सुट्टीचा एक दिवस चुकला की कडेला विभेदित पेशी दिसतात आणि दोष विनाकारण पेशींच्या वाणाला दिला जातो.

शब्दवेध
लेखात जीडीएनएफ वृषणाच्या संदर्भातही आलंय. ते छपाईची चूक समजून काढणार होते.

काचपात्र
काढू नका! बरोबर आहे. जीडीएनएफ १९९३ मध्ये ग्लिया पेशींच्या (चेतापेशींच्या आधारपेशींच्या) एका वाणातून मिळालं, डोपामिन बनवणाऱ्या चेतापेशींना तगवतं म्हणून नावात ‘न्यूरोट्रॉफिक’ आलं. पण वृषणातल्या सर्टोली पेशीही ते बनवतात आणि त्यावर शुक्राणूंच्या मूलपेशींचं स्वनूतनीकरण चालतं. कमी पडलं तर मूलपेशींचा साठा आटतो, जास्त झालं तर त्या नुसत्या साठत जातात आणि शुक्राणू बनत नाहीत. एकच रेणू, मेंदूत ‘तगवतो’, वृषणात ‘मूलपण राखतो’. लिफचंही तेच : नावात रक्ताच्या कर्करोगाला अटकाव, काम उंदराच्या मूलपेशी राखण्याचं, आणि बशीतल्या अनुकंपी चेतापेशींना मात्र ते ॲसिटिलकोलीन बनवायला लावतं. नावाचं शब्दशः भाषांतर करून त्यावरून काम सांगू नये, ते यासाठीच.

सूक्ष्मदर्शी
उलट दिशेचं उदाहरणही आहे. माणसाच्या भ्रूणीय मूलपेशी एकेकट्या सुट्या केल्या की मोठ्या संख्येने मरतात. त्या वेळी न्यूरोट्रॉफिनं त्यांना तगायला मदत करतात, रोज हातात असतो तो मात्र रॉक-अवरोधक, म्हणजे रॉक या विकराला अडवणारा पदार्थ, वाय-२७६३२, १० मायक्रोमोलर, पहिला दिवसभर. तो वाढघटक नाही, साधा छोटा रेणू आहे. त्याला ‘वाढघटक’ लिहिलेलं वाचलंय, म्हणून सांगितलं.

जिज्ञासू
रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकात काय लिहायचं? तिथे ‘तगवणे’ जरा बोलीतलं नाही वाटणार?

पेशीजाल
उलट तिथेच ते हवं. सेनेजर्मिन हे एनजीएफचे डोळ्याचे थेंब आहेत. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या नसा निकामी झाल्याने तो झिजतो, त्या विकारासाठी अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅम, दर दोन तासांनी एक थेंब, दिवसातून सहा वेळा, आठ आठवडे. ‘नसांची वाढ करणारे थेंब’ लिहिलं तर रुग्ण नजर वाढण्याची वाट पाहत बसेल. ‘पडद्याच्या नसांना आणि पेशींना तगवून जखम भरायला मदत करणारे थेंब’ असं लिहा. आणि डोळा दुखू शकतो हे त्याच परिच्छेदात, खाली बारीक अक्षरात नाही. एनजीएफ वेदना नेणाऱ्या चेतापेशींना तगवतो, तसाच त्यांना हळवंही करतो.