मदत हवी आहे: वॉर्फरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू असताना पालेभाजी मोजायची कशी?

आईच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, वॉर्फरिन कायमचं. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) २.५ ते ३.५ हवा, पण थंडीत खानापूरहून हरभऱ्याची भाजी, मेथी यायला लागली की खाली घसरतो. आठवडाभर ताटात तेच ना! पालेभाजी पूर्ण बंद केली तर आकडा उलट वर गेला. डॉक्टर म्हणतात, पालेभाजीतलं व्हिटॅमिन के (त्यानं वॉर्फरिनचा परिणाम कमी होतो) तोडू नका, रोज सारखं ठेवा. १०० ग्रॅम कच्च्या पालकात ते सुमारे ४८० मायक्रोग्रॅम, कोबीत त्याच्या पाचव्या हिश्श्याहून कमी, एवढं सापडलं. गोळीचा डोस डॉक्टरच बघतात, तो प्रश्न नाही. वजनकाटा नाही, आई वाटीनंच मोजते. मग वाटी कच्च्या चिरलेल्या भाजीची धरायची की शिजलेल्या? आणि मेथीऐवजी हरभऱ्याची भाजी वाटीला वाटी चालते का?