मदत हवी आहे: पिल्लू क्रेटमध्ये थांबतच नाही

खारीबटर:
रस्त्यावरचं गावठी पिल्लू घरी आणलंय. क्रेटमध्ये (जाळीच्या पिंजऱ्यात) घातलं की केकाटतं, जाळी चावतं. काल हिरडीतून रक्त आलं. शेजारच्या काकू रात्री बेल वाजवून गेल्या. व्हिडिओ सगळे बघून झालेत, ते सुचवू नका. सोमवारपासून ऑफिसला जायचंय. पटकन सांगा.

सुगरणपक्षी:
वय काय? क्रेट कुठे ठेवलाय? आत घातल्यावर दार लगेच लावता का? थेट रस्त्यावरून उचललंत की कुणाकडून आणलंत?

घाटमाथा:
पिंजरा हवाच कशाला? आमचा मोत्या जन्मभर अंगणात गोणपाटावर झोपला. त्याला कुणी ट्रेनिंग दिलं नव्हतं.

खारीबटर:
@घाटमाथा, अंगण असतं तर विचारलं असतं का? तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके आहे. डॉक्टर दात बघून म्हणाले तीनेक महिन्यांचं असेल. क्रेट गॅलरीत आहे. दार अर्थातच लावतो, नाहीतर बाहेर येतं.

टिंगूमास्तर:
गाईचं दूध देऊ नका, जुलाब होतात. भात आणि उकडलेलं चिकन द्या. कांदा, द्राक्षं, मनुका बिलकूल नको. जंताचं औषध दिलंत का?

खारीबटर:
खाण्याचा प्रश्नच नाहीये हो. क्रेटचं सांगा.

सुगरणपक्षी:
आधी गॅलरीतून आत आणा. खालची कुत्री, गाड्यांचे आवाज, वर एकटं. ते घाबरणारच. दार दोरीने मागे बांधून टाका, उघडंच राहू दे. जेवणाची वाटी आधी क्रेटच्या बाहेर, मग दाराशी, मग आत. तुमचा न धुतलेला टीशर्ट आत टाका. तीन बाजूंनी जुनी चादर. रात्री क्रेट पलंगाला लागून ठेवा, हात खाली सोडला की वास येत राहतो. आपणहून आत जाऊन निवांत खायला लागलं की मग दार क्षणभर लावायचं आणि खाणं संपायच्या आत उघडायचं.

खाकीपँट:
एवढे लाड नकोत. रडल्यावर उघडलंत की रडलं की सुटका होते हेच शिकतं. कानात कापूस घालून झोपा. आमचं लॅब्रॉडर पिल्लू दोन-चार रात्रींत सरळ झालं.

सुगरणपक्षी:
तुमचं लॅब्रॉडर ब्रीडरकडचं, माणसांत वाढलेलं. इथे तोंडातून रक्त येतंय, हा हट्ट नाही. आणि या वयात तीन-चार तासांपलीकडे शू धरवत नाही, रात्री एकदा तरी बाहेर न्यावंच लागतं. मग ते कशासाठी रडतंय ते कापूस घालून कसं कळणार?

खाकीपँट:
बरं, तुमचंच खरं.

खारीबटर:
एक राहिलं. ते गटाराच्या पाइपात अडकलं होतं. ज्यांनी काढलं त्यांनी जागा नव्हती म्हणून आठवडाभर मांजरं पकडायच्या पिंजऱ्यात ठेवलं होतं. आमचा क्रेटही तसाच दिसतो. याने काही फरक पडतो का?

सुगरणपक्षी:
अहो, हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं ना! क्रेट घडी करून माळ्यावर टाका. सध्या एक कोपरा कुंपण लावून द्या, आत पुठ्ठ्याचा खोका आडवा. पुढेमागे क्रेट हवाच असेल तर जाळीचा नको, प्लास्टिकचा बघा. सोमवारी दिवसभर एकटं ठेवू नका. लशी किती झाल्या? पूर्ण होईपर्यंत बाहेरची कुत्री बसतात तिथे जमिनीवर सोडू नका, पार्व्हो असतो, म्हणजे पिल्लांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार.

घाटमाथा:
मी तेच म्हणत होतो, पिंजरा नको.

नीलमोहर:
काकूंना सांगा, प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार सोसायटीला कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही.

खाकीपँट:
काकूंनी कुठे बंदी घातली? त्यांना झोप हवीय. आमच्याकडे तर लिफ्टवरून मीटिंग झाली होती.

नीलमोहर:
लिफ्टही नाकारता येत नाही. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.

खारीबटर:
लस एकच झालीय. मिक्सरचा खोका ठेवला, त्यात अर्धं जाऊन बसलंय, मागचे पाय बाहेर. सोमवारी साताऱ्याहून आई येतेय, दिवसा ती असेल. पण ती स्वतः कुत्र्याला घाबरते. तिच्यासाठी काय करू?