एचटीटीपीएसवर वळवलं की 'टू मेनी रिडायरेक्ट्स'

नवा_ॲडमिन
उबुंटूवर अपाचे २.४, त्यावर वर्डप्रेस, पुढे क्लाउडफ्लेअर (वाचक आणि सर्व्हरच्या मध्ये बसणारी सेवा). सर्व्हरवर लेट्स एन्क्रिप्टचं (मोफत) एचटीटीपीएस सर्टिफिकेट आहे. साध्या एचटीटीपीने येणारे एचटीटीपीएसवर जावेत म्हणून एचटीॲक्सेस फाइलमध्ये (साइटच्या फोल्डरमधली अपाचेची सेटिंग) नेहमीचा नियम टाकला: एचटीटीपीएस 'ऑफ' असेल तर ३०१, म्हणजे कायमचं वळवणं. तेव्हापासून साइट उघडत नाही, क्रोम 'टू मेनी रिडायरेक्ट्स' म्हणतो. नियम काढला की सगळं सुरळीत. काय चुकतंय?

पोर्ट_४४३
नियमात काही चूक नाही. क्लाउडफ्लेअरचा एसएसएल मोड बघा, 'फ्लेक्सिबल' असणार. त्यात ब्राउझरपासून क्लाउडफ्लेअरपर्यंत एचटीटीपीएस असतं, पण तिथून तुमच्या सर्व्हरकडे विनंती साध्या एचटीटीपीने, ८० पोर्टवरच येते. अपाचेला एचटीटीपीएस कायम 'ऑफ' दिसतं, तो ३०१ देतो, ब्राउझर एचटीटीपीएसने परत येतो, आणि क्लाउडफ्लेअर पुन्हा ८० वरच. क्रोम अशा वीस फेऱ्या मारून हात टेकतो.

सर्टिफिकेट आहेच, तर मोड 'फुल (स्ट्रिक्ट)' करा. त्यानंतर ५२६ एरर आली तर सर्टिफिकेटची मुदत संपली आहे किंवा त्यात ते नाव नाही (बहुतेक वेळा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवालं राहून जातं).

एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडर (वाचक एचटीटीपीने आला की एचटीटीपीएसने, हे मधली सेवा सर्व्हरला त्यातून सांगते) तपासायचा सल्लाही मिळेल. त्याने फेरा थांबतो, पण क्लाउडफ्लेअर ते सर्व्हर हा टप्पा उघडाच राहतो. म्हणजे पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं. ती अट आपल्याच खासगी नेटवर्कमधल्या लोड बॅलन्सरमागे (विनंत्या अनेक सर्व्हरांत वाटणारा) ठीक, इथे नको.

आणि सर्व्हर तुमच्याच हातात असेल तर एचटीॲक्सेस हवं कशाला? ती फाइल अपाचे दर विनंतीला वाचतो. ८० पोर्टच्या व्हर्च्युअलहोस्टमध्ये (अपाचेच्या मुख्य कॉन्फिगमधला त्या साइटचा भाग) एक ओळ पुरते: 'रिडायरेक्ट परमनंट', मग स्लॅश, मग एचटीटीपीएससकट पूर्ण डोमेन आणि शेवटी पुन्हा स्लॅश. (इथे देवनागरीत लिहिलंय, फाइलमध्ये अर्थातच रोमन.) तो शेवटचा स्लॅश राहिला तर पुढचा पाथ डोमेनलाच चिकटतो आणि माणूस अस्तित्वात नसलेल्या साइटवर जातो. कॉन्फिगटेस्ट (कॉन्फिगमधल्या चुका शोधणारी अपाचेची कमांड) चालवून मगच रीलोड.

रीराइट_रूल
शेअर्ड होस्टिंगवाल्यांना (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) एचटीॲक्सेसशिवाय इलाज नसतो, त्यांच्यासाठी: नियम 'बिगिन वर्डप्रेस' या ओळीच्या वर हवा (वर्डप्रेसचे स्वतःचे नियम तिथून सुरू होतात). त्या खुणांच्या आत टाकला तर वर्डप्रेस तो भाग पुन्हा लिहिताना पुसून टाकतं. खाली टाकला तर मुखपृष्ठ वळतं पण आतली पानं वळत नाहीत, कारण त्यांच्या विनंत्या वरच्या नियमांनी आधीच इंडेक्स डॉट पीएचपीकडे नेलेल्या असतात. फक्त मुखपृष्ठ उघडून 'चाललं' म्हणणारे इथेच फसतात.

चाचणी ३०२ ने (तात्पुरतं वळवणं) करा. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो, त्यामुळे नियम दुरुस्त केला तरी जुनाच परिणाम दिसत राहतो. कर्लने (विनंती पाठवणारी कमांड) फक्त हेडर मागवून 'लोकेशन'ची ओळ वाचणं सगळ्यात भरवशाचं.

नवा_ॲडमिन
स्ट्रिक्ट केलं, चालू झालं. आभार! आता फायरवॉलमध्ये ८० बंद केला तर? शिवाय एक जुनं मोबाइल ॲप अजून एचटीटीपीवर पोस्ट करतं. आणि एचएसटीएस (ही साइट फक्त एचटीटीपीएसनेच उघड, असं ब्राउझरला सांगणारं हेडर) लगेच लावू का?

पोर्ट_४४३
८० उघडाच ठेवा. लेट्स एन्क्रिप्टची एचटीटीपी-०१ तपासणी (डोमेन तुमचंच आहे ना, याची) तिथूनच सुरू होते. पुढे ४४३ वर (एचटीटीपीएसचं पोर्ट) वळवलेलं तिला चालतं, पण दारच बंद असेल तर सर्टिफिकेटचं नूतनीकरण अडकतं.

३०१ मिळाल्यावर बरेच क्लायंट पोस्टचं (माहिती पाठवणं) गेट (फक्त पान मागणं) करतात आणि फॉर्मचा मजकूर गळतो. त्या पाथला ३०८ द्या, त्यात पद्धत बदलत नाही. अर्थात पहिली विनंती उघड्यावरून गेलेलीच असते, म्हणून ॲपमधला पत्ता बदलणं हाच खरा उपाय.

एचएसटीएस लगेच वर्षभराचं नको. मॅक्स-एज (ब्राउझरने ते किती काळ लक्षात ठेवायचं) आधी ३०० सेकंद, काही दिवस तक्रार नाही आली तर ३१५३६०००, म्हणजे एक वर्ष. हेडर ४४३ च्याच व्हर्च्युअलहोस्टमध्ये, एचटीटीपीवर आलेलं ब्राउझर मोजतच नाहीत. 'इन्क्लूड सबडोमेन्स' मात्र प्रत्येक सबडोमेनला सर्टिफिकेट असल्याची खात्री होईपर्यंत लावू नका: ब्राउझरने ते एकदा नोंदवलं की सर्टिफिकेट नसलेल्या सबडोमेनवर 'तरीही पुढे जा' हा पर्यायसुद्धा दिसत नाही.