पॅराप्लेजियानंतर हँडसायकलिंगच्या रेसमध्ये उतरता येतं का?

प्रश्न: धाकटा भाऊ, वय 27, दोन वर्षांपूर्वी बाईकवरून पडला, डी10 ला (पाठीच्या कण्याचा छातीमागचा दहावा मणका) इंज्युरी, कमरेखाली काहीच हालत नाही. आधी कबड्डीत रेडर होता त्यामुळे घरात बसून जाम वैतागतो. आता हँडसायकलिंगचे (हाताने पॅडल मारायची रेसिंग सायकल) व्हिडिओ बघून पेटलाय, म्हणतो रेसच मारायची. उशीर झालाय का? आणि आपल्याकडे दिव्यांगांना मिळते त्या हाताच्या तीनचाकीवर सुरुवात केली तर चालेल का?

चेनपडली: तीनचाकीवर दम वाढेल, बाकी फार काही नाही. तिथे एका हाताने पॅडल आणि दुसऱ्याने वळवायचं. हँडसायकलला दोन्ही पॅडल सोबतच फिरतात, एकाआड एक नाही, आणि जवळपास आडवं पडून चालवायची. रेसमध्ये अपंगत्व किती त्यावरून क्लास असतात, एच1 ते एच5, डी10 कम्प्लीट असेल (म्हणजे इंज्युरीच्या खाली हालचाल आणि संवेदना अजिबात नाही) तर बहुतेक एच3, पण ते क्लासिफायर, म्हणजे क्लास ठरवणारे तज्ज्ञ, तपासून ठरवतात. एच5 वाले गुडघ्यावर बसून चालवतात, त्यांची पोझिशन बघून कॉपी करू नका.

घाटरस्ता: उशीर कसला! अमेरिकेची मफी डेव्हिस 1989 मध्ये स्कीइंग करताना झाडावर आदळली, तेव्हा 16 वर्षांची होती, मग बसून स्कीइंग करून पॅरालिम्पिकची मेडल्स, आणि हँडसायकलिंगची तीन गोल्ड थेट 2012 ला लंडनमध्ये. स्वित्झर्लंडचे हाइन्झ फ्राय 20 व्या वर्षी डोंगरातल्या रेसमध्ये पडून पॅरालाइज झाले, आणि टोकियो पॅरालिम्पिकमध्ये एच3 रोड रेसचं सिल्वर घेतलं तेव्हा वय 63. 27 म्हणजे पोरगाच की हो.

चाकावरचा: मी स्वतः डी12. सायकलचं नंतर बघा, आधी खांदे. दिवसभर व्हीलचेअर ढकलून ते आधीच पिकलेले असतात, त्यात हाताने पॅडल मारायला लागलो आणि दोन महिन्यांत उजवा खांदा धरला, बेडवरून चेअरवर जायचे वांधे. फिजिओकडून पाठीचे व्यायाम शिकून घ्या, मी थेराबँड (व्यायामाचा रबरी पट्टा) खिडकीच्या गजाला बांधून ओढतो. दुसरं म्हणजे एकदा दीड तास मस्त चालवून आलो, बूट काढला तर मोजा लाल. घोटा फ्रेमला घासत होता, मला पत्ताच नाही. ती जखम भरायला सहा आठवडे गेले. आता फ्रेमला फोम गुंडाळलाय आणि घरी आल्याआल्या आरसा घेऊन पाय आणि बसायची जागा बघतो. सेकंडहँड मिळाली तरी मापाची आहे का बघूनच घ्या.

प्रश्नकर्ता: कम्प्लीट की इनकम्प्लीट ते डिस्चार्ज कार्डात बघतो. मोज्याचं त्याला वाचून दाखवलं तर म्हणे आईचा आरसा आण.